एच-इंडेक्स २८, आणि उत्प्रेरक किती ग्रॅम?

नागपुरात सायटेशन, म्हणजे आधीच्या कामाचा दिलेला दाखला, हा शब्द आधी वकिलांचा, मग प्राध्यापकांचा. हायकोर्टाच्या खंडपीठात युक्तिवाद उभा राहतो तो जुन्या निकालांच्या दाखल्यांवर. त्या दाखल्यांसाठी देशभरातले वकील ज्या ‘एआयआर’चं नाव घेतात, तो ऑल इंडिया रिपोर्टर निघतो याच शहरातून. ज्युनिअर वकिलाला पहिल्या महिन्यातच कळतं की निकाल सापडला म्हणजे काम झालं असं नाही. नंतरच्या कोर्टांनी त्याचं काय केलं तेही बघावं लागतं. तो मान्य केला, की या खटल्याची वस्तुस्थिती वेगळी म्हणून बाजूला ठेवला, की वरच्या कोर्टानं मोडीतच काढला? मोडीत निघालेला निकाल भर कोर्टात पुढे करणाऱ्याचं काय होतं, ते सांगायला नको.

रसायनशास्त्रज्ञाच्या प्रोफाइलवर जो सायटेशनचा आकडा झळकतो, त्याचं मूळही वकिलीतच आहे. अमेरिकेत १८७३ पासून ‘शेपर्ड्स सायटेशन्स’ ही वकिलांची सूची निघत आली. एका निकालाखाली त्याचा उल्लेख करणारे पुढचे सगळे खटले, आणि त्या नोंदींना जोडलेली अक्षरं: निकाल पाळला, वेगळा धरला, उलटवला. युजीन गारफिल्ड हा मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर. १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लेख लिहून त्यानं अशीच सूची विज्ञानासाठी हवी म्हणून मांडणी केली, आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला. सूची विज्ञानात आली. ती अक्षरं मात्र वकिलांकडेच राहिली. प्रत्येक पेपर वाचून ‘पाळला’ की ‘उलटवला’ हे ठरवायला माणसं लागतात. संदर्भयादी मोजायला फक्त यंत्र पुरतं.

त्यामुळे आज एखाद्या उत्प्रेरकाची, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाची, कुणी स्तुती केली तरी अधिक एक, आणि तो चालतच नाही असं कुणी दाखवून दिलं तरी अधिक एक.

उत्प्रेरण आणि मटेरियल्स या क्षेत्रांत ही उणीव जास्त बोचते, कारण इथे गर्दी अफाट आहे. टायटॅनियम डायऑक्साइड, ग्राफिटिक कार्बन नायट्राइड, मॉफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी) यांवर पेपरांचा रतीब सुरू असतो आणि प्रत्येकात साठ-सत्तर संदर्भ असतात. गणितातल्या उत्तम पेपरला दहा वर्षांत जेवढी सायटेशन्स मिळतात, तेवढी इथल्या मध्यम पेपरला दोन वर्षांत मिळू शकतात. म्हणून ‘सरांची चार हजार सायटेशन्स आहेत’ हे वाक्य शाखा सांगितल्याशिवाय अर्धंच राहतं. स्कोपस या संदर्भ मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये क्षेत्रानुसार भारित केलेला एक आकडा मिळतो. त्यात १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखनाची जागतिक सरासरी. तो बरा आहे, पण पेपर पंधरा-वीसच असतील तर एखादा गाजलेला पेपर त्या सरासरीला कुठल्या कुठे नेऊन ठेवतो.

एच-इंडेक्सचं गणित दोन मिनिटांचं. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ते मांडलं. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि वरून खाली मोजत यायचं. जितक्या पेपरना किमान तितकी सायटेशन्स आहेत, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा दहा पेपरना १२०, ६४, ४१, ३०, २२, १५, ९, ८, ८ आणि ३ सायटेशन्स आहेत. आठव्या पेपरला आठ आहेत. नवव्यालाही आठच, म्हणजे नऊ भरत नाहीत. एच-इंडेक्स ८. आता पहिल्या पेपरची १२० ची ५,००० झाली तरी तो ८ च राहणार. शिवाय तो कधी उतरत नाही, माणूस निवृत्त झाल्यावरही चढतच असतो. हर्श यांनी त्याच लेखात असोसिएट प्रोफेसरला साधारण १२ आणि प्रोफेसरला १८ असे अंदाज दिले होते, पण ते अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन-विद्यापीठांमधल्या भौतिकशास्त्रज्ञांसाठी. ते उचलून उत्प्रेरणाला लावणं म्हणजे संत्र्याचा भाव कापसाला लावणं.

एकाच माणसाचे तीन एच-इंडेक्स असू शकतात, हेही निवड समितीतल्या अनेकांच्या गावी नसतं. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट, परिषदांच्या पुस्तिका, सगळंच मोजतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडलेल्या ठरावीक प्रकाशनांपुरते मोजतात, त्यामुळे तिथले आकडे खाली येतात. बायोडेटात आकड्यासोबत स्रोत आणि तारीख नसेल तर तो आकडा नुसता ऐकून घ्यायचा.

मग नावांचा घोळ. हा मात्र खास आपल्याकडचा. आडनाव आणि दोन आद्याक्षरं एवढंच छापायची जुनी पद्धत, त्यामुळे एकाच धाटणीच्या नावाचा एक उत्प्रेरणातला, एक मेडिकलमधला आणि एक शेतकी कॉलेजातला, तिघांचे पेपर यंत्राच्या लेखी एकाच माणसाचे होतात. वानखेडे आणि वानखडे, चौधरीची इंग्रजीतली चार-पाच स्पेलिंगं, यात उलटं होतं: एका माणसाचे दोन होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे पीएचडीच्या काळातले पेपर माहेरच्या नावावर राहतात, आणि तिचा एच-इंडेक्स दोन अर्ध्या प्रोफाइलमध्ये वाटला जातो. दोन अर्ध्यांची बेरीज सहसा पूर्ण एच-इंडेक्स देत नाही. संस्थांचंही तेच. व्हीआरसीई हे इंजिनिअरिंग कॉलेज २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं. नागपूर विद्यापीठाच्या नावात २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आले. अमरावती रोडवरची एलआयटी ही तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून उभी आहे, पण स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत तिचे कितीतरी पेपर नुसत्या विद्यापीठाच्या नावावर नोंदले गेले. नेहरू मार्गावरच्या नीरीचं, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचं, १९७४ पूर्वी नावच वेगळं होतं. संस्थेच्या नावानं शोध घेऊन ‘नागपूरचं रसायनशास्त्र’ मोजू गेलं तर जाळ्यातून निम्मे मासे निसटतात. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, २०१२ पासून मिळतो आणि फुकट आहे. सोळा आकडे आहेत, त्यात जुने पेपर एकदा बसून स्वतः भरायचे. हे काम एका रविवारच्या दुपारचं.

आकड्याबद्दल एवढं पुरे. खरी गंमत आकडा कुठून आला ते पाहण्यात आहे.

उत्प्रेरणाच्या पेपरात सायटेशनला तीन घरं असतात. पहिलं प्रस्तावनेत: ‘विषम उत्प्रेरकांकडे अलीकडे बरंच लक्ष वेधलं गेलं आहे’ आणि पुढे कंसात पाच ते एकोणीस. पंधरा पेपर एका वाक्यात कोंबलेले, लोकलच्या डब्यात कोंबावेत तसे. यातल्या बऱ्याच पेपरांचं शीर्षक आणि फार तर सारांश वाचला गेलेला असतो. दुसरं घर तुलनेच्या तक्त्यात: ‘आमचा उत्प्रेरक आणि आधी प्रसिद्ध झालेले’. तिसरं प्रयोगपद्धतीत: ‘नमुना अमुक यांच्या कृतीनं, थोडा फेरफार करून तयार केला’. एकूण सायटेशन्समध्ये पहिल्या घरातल्यांची भरती सगळ्यात मोठी असते. माझ्या मते मात्र तिसऱ्या घरातलं एक पहिल्या घरातल्या विसांना भारी आहे. तिथे कुणीतरी तुमची कृती वाचून, वजन करून, भट्टीत टाकून पाहिलेली असते.

दुसरं घर सगळ्यात फसवं. कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणाचा तक्ता घ्या. शेवटच्या रकान्यात ज्या तापमानाला निम्मा वायू रूपांतरित होतो ते तापमान, आणि सगळ्यात तळाशी ठळक अक्षरांत ‘हे संशोधन’. आता एका गटानं ५० मिलिग्रॅम उत्प्रेरकावरून मिनिटाला १०० मिलिलिटर वायू सोडला. म्हणजे ग्रॅममागे तासाला १,२०,००० मिलिलिटर. दुसऱ्यानं ५०० मिलिग्रॅमवरून मिनिटाला ५०, म्हणजे ६,०००. दोघांत वीस पटींचा फरक. सक्रियण ऊर्जा मोलला ६० किलोज्यूल आणि अभिक्रिया पहिल्या कोटीची धरून हिशेब केला, तर पहिल्याच्या रचनेत २०० अंशाला निम्मं रूपांतर देणारा उत्प्रेरक दुसऱ्याच्या रचनेत साधारण १२२ अंशाला देईल. पावडर तीच. मनसरच्या खाणीतल्या मँगनीजपासून केली काय आणि प्लॅटिनमपासून केली काय, अठ्ठ्याहत्तर अंशांची ही ‘सुधारणा’ नुसत्या तराजूनं आणि फ्लोमीटरनं मिळते. तक्त्यात वजन आणि प्रवाहाचे रकाने नसतील तर शेवटचा रकाना वाचूच नये.

शीर्षकातला ग्रॅमचा प्रश्न इथलाच.

सेंद्रिय अभिक्रियांवरचे घन उत्प्रेरक हा आपल्याकडच्या कॉलेजांचा लाडका विषय. उपकरणं कमी लागतात, महिन्या-दोन महिन्यांत पेपर होतो. नमुनादाखल बेंझाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल यांचं नोव्हेनागेल संघनन. प्रत्येकी एक मिलिमोल घेतात: १०६ मिलिग्रॅम बेंझाल्डिहाइड, ६६ मिलिग्रॅम मॅलोनोनायट्राइल. आणि उत्प्रेरक १०० मिलिग्रॅम! रश्श्यापेक्षा सावजी मसालाच जास्त. उत्प्रेरक म्हणजे थोड्यात पुष्कळांचं काम करणारा पदार्थ. वजनाला वजन लावलं तर त्याला अभिकर्मक म्हणणं जास्त प्रामाणिक. पुढचा हिशेब यील्डचा, म्हणजे शक्य तेवढ्यापैकी किती टक्के पदार्थ हाती आला त्याचा. एक मिलिमोलपासून जास्तीत जास्त १५४ मिलिग्रॅम पदार्थ मिळू शकतो. फिल्टर पेपरला, फ्लास्कच्या काचेला, स्पॅच्युलाला मिळून पाच-दहा मिलिग्रॅम चिकटतातच. इथेच तीन ते सहा टक्के गेले. मग पुनर्स्फटिकीकरण. तरीही पंधराच्या पंधरा आल्डिहाइडांना ९६ ते ९८ टक्के? स्फटिक नीट वाळले नसतील आणि वजनात इथेनॉल मोजलं गेलं असेल, तर मात्र जमतं.

त्याहून मोठी गोम म्हणजे ही जोडी इतकी उत्सुक आहे की पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये उत्प्रेरकाशिवायही बऱ्यापैकी पुढे जाते. म्हणून ब्लँक रन हवा: तेच फ्लास्क, तोच द्रावक, तोच वेळ, फक्त उत्प्रेरक नाही. आणि दुसरा ब्लँक, ज्यात धातू नसलेला नुसता आधार, म्हणजे धातू ज्यावर बसवतात तो घन पदार्थ, टाकलाय. सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच अर्धं काम करत असेल तर वरच्या महागड्या नॅनोकणांचं श्रेय तेवढं कमी होतं.

‘रूम टेंपरेचर’ या शब्दालाही नागपुरात वेगळा अर्थ आहे. डिसेंबरच्या सकाळी प्रयोगशाळेत १५ अंश, मे महिन्यात कूलर बंद पडला की ४०. सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल असेल तर या पंचवीस अंशांत वेग पाच पटींहून थोडा जास्त वाढतो. मेमध्ये २० मिनिटांत संपलेली अभिक्रिया जर्मनीतल्या २० अंशांच्या खोलीत तासावर जाते. तिथला विद्यार्थी म्हणतो, पेपर खोटा. पेपर खोटा नसतो, त्यात तापमापीचा आकडा नसतो, एवढंच. वॉटर बाथ ३० अंशावर लावायला आणि पेपरात ‘३० अंश’ लिहायला काही खर्च येत नाही.

पुनर्वापराचा आलेख तर जवळपास प्रत्येक पेपरात सारखाच दिसतो: पाच खांब, ९५, ९४, ९३, ९१, ९०, आणि खाली ‘उत्प्रेरक पाच वेळा वापरता येतो’. अभिक्रिया २० मिनिटांत पूर्ण होत असताना मोजणी ६० मिनिटांनी केली असेल तर उत्प्रेरकाची निम्मी ताकद गेली तरी खांब तेवढेच उंच दिसणार. खरी तपासणी अर्ध्यावर थांबून होते. रूपांतर तीस-चाळीस टक्क्यांवर असताना नमुना काढायचा आणि पहिल्या व पाचव्या फेरीचा वेग ताडून पाहायचा. शिवाय दर गाळणीत थोडा उत्प्रेरक हातचा जातो. तो भरून काढण्यासाठी ताजा मिसळला असेल तर तसं लिहायला हवं. धातू द्रावणात सुटतोय का, हे पाहायला गरम गाळणी: निम्म्या रूपांतरावर गरम असतानाच मिश्रण गाळायचं, आणि स्वच्छ द्रव त्याच तापमानाला पुढे चालू ठेवायचा. गाळून काढल्यावरही अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर काम घन पदार्थ करत नव्हता. थंड करून गाळणं निरुपयोगी, कारण थंड होताना सुटलेला धातू परत घन पृष्ठभागावर बसू शकतो.

प्रकाश-उत्प्रेरणात मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचं राज्य. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाशानं पाण्याचं विघटन दाखवलं, आणि तिथून निघालेल्या वाटेवर आज सगळ्यात जास्त गर्दी निळ्या बीकरांची आहे. नेहमीची रचना: १०० मिलिलिटर द्रावण, लिटरला १० मिलिग्रॅम रंग, १०० मिलिग्रॅम पावडर. म्हणजे बीकरमध्ये रंग आहे फक्त एक मिलिग्रॅम! हिशेब मांडला तर रंगाच्या एकेका रेणूमागे टायटॅनियमचे चारशे अणू उभे. आधी अंधारात अर्धा तास ढवळतात, रंग पावडरीवर चिकटून समतोल यावा म्हणून. सच्छिद्र नमुन्यांना अर्धा तास पुरत नाही. ६६४ नॅनोमीटरवरचं शोषण लागोपाठ दोन वाचनांत स्थिर दिसेपर्यंत थांबावं लागतं. नाहीतर चिकटणं ‘विघटन’ म्हणून मोजलं जातं. दृश्य प्रकाशात तर मिथिलीन ब्लू स्वतःच प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन पावडरीत ढकलतो, म्हणजे उत्प्रेरकानं दृश्य प्रकाश वापरला असं त्यावरून सिद्ध होत नाही. अ‍ॅनाटेजला लागतो ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश. रंग मात्र तांबड्यात शोषतो. शिवाय हा रंग क्षपण होऊन बिनरंगी रूपात जातो आणि हवा लागली की परत निळा होतो. रंग गेला म्हणजे रेणू मोडला असं नाही. द्रावणातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला तरच कळतं. फिनॉलसारखा बिनरंगी पदार्थ घेतला तर निम्मे प्रश्न मिटतात, पण मग फोटो छान येत नाही. निळ्याचं पाणी होतानाच्या बाटल्यांची रांग कुठल्याही ग्राफिकल अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये शोभून दिसते.

नागपूरचं ऊन वापरणाऱ्यांनी एक बीकर फॉइलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवावा. एप्रिलच्या दुपारी उघड्या बीकरमधलं पाणी तापतं, काही उडून जातं, द्रावणाची तीव्रता बदलते. सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. उष्णतेचा परिणाम वेगळा काढला नाही तर उन्हाचा सगळा मान पावडरीला मिळतो.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. झिओलाइट हा सच्छिद्र खनिज पदार्थ हवेतलं पाणी आपल्या वजनाच्या वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत पिऊन बसतो. बीईटीचं, म्हणजे वायू शोषून मोजलेलं पृष्ठभागाचं, क्षेत्रफळ काढताना नमुना ३०० अंशावर निर्वातात सहा-आठ तास ठेवतात, पण वजन कधी घेतलं? आधीचं वजन वापरलं तर ग्रॅममागचं क्षेत्रफळ पाचव्या हिश्शानं कमी दिसतं. वजन नळीसकट, वायू काढून टाकल्यानंतरच घ्यायचं. सूत्रातला ‘सी’ स्थिरांक ऋण आला तर निवडलेला दाबाचा पट्टा चुकला, एवढं कळायला हरकत नाही. तरीही ऋण ‘सी’ असलेले तक्ते छापून येतात. ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांचा १९३८ चा लेख इतका मुरला आहे की हजारो पेपर बीईटी हा शब्द वापरतात आणि मूळ लेखाचा संदर्भही देत नाहीत. कामाचा इतका उपयोग होतो की नोंदच थांबते, हीसुद्धा सायटेशनच्या गणितातली एक गंमत.

वकिलांची ती अक्षरं हवी होती असं सगळ्यात जास्त वाटतं ते सुझुकी जोडणीच्या, म्हणजे दोन कार्बनी रेणू जोडणाऱ्या अभिक्रियेच्या, एका प्रकरणात. या अभिक्रियेला पॅलेडियम लागतं. २००३ मध्ये निकोलस लेडबीटर यांच्या गटानं मायक्रोवेव्हमध्ये, पाण्यात, कोणत्याही संक्रमण धातूशिवाय ती होते असं प्रसिद्ध केलं. मोठी बातमी होती, कारण महाग धातूच गेला. मग त्याच गटानं सहकाऱ्यांसोबत पुन्हा कसून शोध घेतला आणि २००५ मध्ये स्वतःच लिहिलं: बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जांशात ५० भाग इतकं पॅलेडियम होतं, आणि काम तेच करत होतं. समजा ४०० मिलिग्रॅम सोडा घातला, तर त्यात धातू २० नॅनोग्रॅम. डोळ्याला दिसणार नाही, साध्या तराजूला कळणार नाही. असं उघडपणे लिहायला धैर्य लागतं. पण यंत्राच्या नोंदवहीत २००३ चा पेपर कोणी ‘धातूशिवाय होतं’ म्हणून दाखवला की अधिक एक, आणि ‘तसं नव्हतं’ म्हणून दाखवला तरीही अधिक एक. शेपर्डच्या सूचीत त्यासमोर ‘उलटवला’चं अक्षर आलं असतं.

समीक्षालेखांबद्दल थोडक्यात. उत्प्रेरणातले सगळ्यात जास्त सायटेशन मिळवणारे लेखन-प्रकार म्हणजे रिव्ह्यू, आणि मोजमापाच्या पद्धती. यात गैर काही नाही. चांगला रिव्ह्यू लिहायला वर्ष जातं. पण प्रोफाइलमधून रिव्ह्यू बाजूला काढून उरलेल्यांचा एच-इंडेक्स एकदा बोटांवर मोजून पाहावा. कधी २८ चा २६ होतो, कधी ११.

आणि ज्याच्या उपयोगाला सायटेशन मिळत नाही असंही काम असतं. नीरीत १९७० च्या दशकात फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत तयार झाली. तुरटी, तिच्या साधारण विसाव्या भागाइतका चुना आणि निर्जंतुकीला ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकून हळूहळू ढवळायचं, तासभर निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं. अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या गुठळ्यांवर फ्लोराइड बसतो आणि तळाशी जातो. चुना कमी पडला तर पीएच उतरतो आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरतं. तळाच्या गाळाची विल्हेवाट हीही डोकेदुखीच. पण बादलीत होते, वीज लागत नाही. ही पद्धत वापरणारी गावं पेपर लिहीत नाहीत, त्यामुळे तिचा प्रभाव कुठल्याच आलेखात पूर्ण दिसणार नाही. पेटंट, सरकारी अहवाल, मानकं, कारखान्यात बदललेली एखादी पायरी, यांनाही प्रोफाइलमध्ये खांब नसतो.

कोराडी-खापरखेड्याच्या राखेचं झिओलाइट हे याच दोन जगांच्या सीमेवरचं काम. राख आणि कॉस्टिक सोडा वजनानं १ ला १.२, बारीक वाटून, ५५० ते ६०० अंशावर तासभर भाजायचं. मूस निकेलची हवी, चिनीमातीची कॉस्टिक खाऊन टाकतो. गार करून दळायचं, पाण्यात रात्रभर ढवळायचं, मग ९० ते १०० अंशावर सहा-आठ तास. भाजणं कमी पडलं तर क्वार्ट्‌झ आणि म्यूलाइट न विरघळता राहतात आणि एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात, त्यांचे कळस दिसतात. जास्त वेळ शिजवलं तर हवा असलेला झिओलाइट जाऊन सोडालाइट किंवा पी प्रकार हाती येतो. ए प्रकार हवा असेल तर सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण एकास एक लागतं, आपल्या राखेत सिलिका जास्त, म्हणून सोडियम अ‍ॅल्युमिनेट वरून घालावं लागतं. यातला खरा शत्रू म्हणजे कोळसा. तो बदलला की राख बदलते: लोह, चुना, न जळलेला कार्बन. ‘स्थानिक वीज केंद्रातून राख आणली’ एवढंच लिहिलेली कृती कितीही वेळा साइट झाली तरी पुन्हा करता येत नाही. राखेचं रासायनिक विश्लेषण दिलं असेल तरच ती कृती.

मग हे आकडे कोणाला लागतात? बढतीला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या पायऱ्यांवर गुण चढतात: एकच्या आत १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, दहाच्या वर ३०. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या लेखांची संख्या. ती नियतकालिकाची सरासरी आहे, तुमच्या पेपरची नाही. लेखक दोनच असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३०. गणित येणाऱ्याला दिसेलच की पाच लेखकांच्या पेपरचे एकूण गुण १९० टक्के भरतात. लेखकयाद्या का लांबतात याचं उत्तर शोधायला लांब जायला नको.

गाइड निवडणाऱ्या विद्यार्थ्यानं किंवा समितीत बसलेल्यानं एक तास काढला तरी बरंच दिसतं. ज्यात हा माणूस स्वतः करस्पाँडिंग लेखक (पेपरची जबाबदारी घेणारा) आहे असे पाच पेपर घ्यावेत, त्यातला एक तरी आठ-दहा वर्षांपूर्वीचा. प्रत्येकाची ‘साइटेड बाय’ यादी उघडून, त्याच गटाचे पेपर वगळून, चार-पाच पेपरात तो संदर्भ कोणत्या घरात बसलाय ते पाहावं. स्वतःचं स्वतः साइट करणं हा गुन्हा नाही. पहिल्या पेपरात नमुना केला, दुसऱ्यात त्याचा वेग मोजला, तर संदर्भ यायचाच. पण यादीतून आपलेच पेपर काढल्यावर काहीच उरलं नाही तर विचार करावा. एक्सआरडीचे आलेख मोठे करून बघावेत: दोन वेगवेगळ्या नमुन्यांच्या आलेखात तळरेषेवरची बारीक थरथर तंतोतंत सारखी कधीच येत नाही. आली, तर पुढे वाचायची गरज नाही.

मग पुरवणी फाइल. बहुतेक जण ती उघडतच नाहीत. तिथे उत्प्रेरकाचं वजन मिलिग्रॅममध्ये, प्रवाह मिलिलिटरमध्ये, तापमान अंशांत आहे का ते पाहायचं. आणि एखाद्या तक्त्याच्या पहिल्याच ओळीत ‘उत्प्रेरक: नाही, ३० अंश, २० मिनिटं, यील्ड ४१ टक्के’ असं काही सापडलं, तर तो पेपर बाजूला काढून ठेवायचा. आपल्याच ९४ टक्क्यांच्या वर कुणीतरी ते ४१ स्वतःच्या हातानं टाइप केलेले असतात.